करवतीखालचा कीस आणि मागावरचे सूत

तापीच्या उत्तर काठावर वसलेले बुऱ्हाणपूर इतिहासात फारुकी सुलतानांची राजधानी, पुढे मोगलांचे दख्खनेकडील ठाणे आणि १६३१ मध्ये मुमताज महलने अखेरचा श्वास घेतला ते गाव म्हणून नोंदले गेले आहे. आज मध्य प्रदेशात असलेले, परंतु जळगाव जिल्ह्याला लागून असल्यामुळे मराठी सहज कानी पडणारे हे शहर हजारो यंत्रमागांवर जगते. यंत्रमागाची चौकट बिडाची, शाफ्ट पोलादाचे, बुश पितळेचे किंवा गनमेटलचे. हे सारे झिजते, मोडते, बदलावे लागते. म्हणून मागांच्या वस्तीत दुरुस्तीचे वर्कशॉप असावेच लागते, आणि वर्कशॉप आले की धातू कापणारी करवत आली. भिंतीच्या अलीकडे लोखंड कापले जाते आणि पलीकडे सूत विणले जाते, अशा शेजारात करवतीतून सांडणाऱ्या किसाचा प्रश्न झाडलोटीपुरता राहत नाही. तो डोळ्यांचा, कापडाचा आणि आगीचा प्रश्न होतो.

गोव्यातील वाचकालाही हा विषय परका नाही. स्लायडिंग खिडक्या तयार करणारी ॲल्युमिनियमची दुकाने येथे गावोगावी आहेत, मांडवी-झुआरीच्या काठावर बार्जदुरुस्तीची कामे चालतात, आणि नव्या घराच्या जिन्याचे स्टीलचे कठडे तर अनेकदा ओसरीवरच कापले जातात. तेथे सुताच्या जागी खिडकीची काच असते किंवा खाऱ्या हवेत गंजणारा कठडा असतो, एवढाच फरक.

शालेय पुस्तकांत ज्याला लोहकीस म्हणतात तोच शब्द येथे सर्व धातूंसाठी वापरला आहे. कारागीर त्याला बुरादा, चुरा किंवा नुसते चिप म्हणतात. कापलेल्या कडेवर चिकटून राहणारी धारदार कोर म्हणजे बर. ती वेगळी, आणि कानशीने काढावी लागते.

किती कीस पडतो?

प्रश्न साधा आहे आणि त्याचे उत्तर कागदावर काढता येते. ५० मिलिमीटर व्यासाचा पोलादी गज बँडसॉवर कापला आणि करवतीची फट दीड मिलिमीटर धरली, तर प्रत्येक कापात सुमारे तीन घन सेंटिमीटर पोलाद किसाच्या रूपाने बाहेर पडते. त्याचे वजन सुमारे २३ ग्रॅम. दिवसाला शंभर काप घेतले तर सव्वादोन किलो. हाच गज तीन मिलिमीटर जाडीच्या घासचकतीने, म्हणजे आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या कटर मशीनने कापला, तर वजन दुप्पट होते आणि त्यात झिजलेल्या चकतीची पूड मिसळते. मोकळ्या किसाला जागाही घट्ट धातूच्या कित्येक पट लागते. संध्याकाळी झाडताना जो ढीग दिसतो तो याचाच. जो दिसत नाही तो छतावर, मोटरच्या पंख्यात, विजेच्या स्टार्टरमध्ये आणि कारागिराच्या केसांत गेलेला असतो.

धातूप्रमाणे किसाचा स्वभाव बदलतो. मऊ पोलाद कुरळा, वळलेला तुकडा देते. बिडाचा कीस तुटून भुकटीसारखा पडतो आणि त्यातील ग्रॅफाइटमुळे हात काळे होतात. पितळेचे कण बारीक, टोकदार आणि उसळते. ते फार दूर जातात. ॲल्युमिनियमचा कीस हलका, मोठा आणि दात्यांना चिकटणारा. स्टेनलेस स्टीलचा चिवट, धारदार आणि हाताला चटका देण्याइतका तापलेला. एकच झाकण या सर्वांना पुरेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

पण धातूपेक्षाही करवतीचा वेग जास्त बोलतो. पॉवर हॅकसॉ, बँडसॉ आणि संथ फिरणारी चकती करवत यांचे दाते पोलादातून सेकंदाला साधारण एक मीटर किंवा त्याच्या आसपास वेगाने जातात. त्यांचा कीस खाली पडतो, उडत नाही. १४ इंची कटर मशीन मिनिटाला ३,८०० फेरे घेत असेल तर चकतीच्या कडेचा वेग सेकंदाला ७० मीटर होतो, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटर. तेथून सुटणारा कण लोखंडाचा असल्यामुळे हवेत पेटतो. ठिणगी म्हणतात ती हीच, जळत जाणारा लोखंडाचा कण. ॲल्युमिनियम कापणारी १२ इंची दातेरी चकतीही सेकंदाला चाळीस-पन्नास मीटरचा वेग गाठते, मात्र तिच्यातून ठिणगी निघत नाही. त्यामुळे लोक तिला निरुपद्रवी समजतात, आणि गॉगल नेमका तेथेच खुंटीवर राहतो.

यावरून एक निर्णय सरळ निघतो. एकाच मापाचे पोलादी गज, पट्ट्या, नळ्या रोज कापणाऱ्या वर्कशॉपने कटर मशीनभोवती पडदे उभारण्याआधी बँडसॉचा विचार करावा. यंत्र महाग, काप सावकाश, हे खरे. पण ठिणगी नाही, आवाज कमी, धातूची नासाडी अर्धी, आणि कीस ट्रेमध्ये. सुताच्या शेजारी तर मला दुसरा पर्याय समर्थनीय वाटत नाही.

जेथे धातूचा कण मोलाचा होता

बुऱ्हाणपूरला कण सांभाळण्याची विद्या नवी नाही. या शहराची कीर्ती होती ती जरतारी वस्त्राची. सतराव्या शतकात येथे आलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने येथील तलम वस्त्र इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात असल्याचे लिहून ठेवले. त्यातील काहींना सोन्यारुप्याच्या किनारी असत. या किनारीसाठी लागणारा जर चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवून, ती जंतराच्या एकाहून एक बारीक छिद्रांतून ओढून तयार होई. ओढकामात कीस पडत नाही, धातू फक्त लांबतो. मात्र कांब तोडणे, टोक कानसणे यात पडतो. सोनार तो परातीत झेलतो, शेवटी दुकानाची धूळही झाडून ठेवतो, आणि ती धूळ विकत घेऊन पाण्याने धुणारा झारेकरी त्यातून सोन्याचे कण वेचतो. महाराष्ट्रातील सराफ बाजारांच्या गटारांची माती धुणारी माणसे अनेकांनी पाहिली असतील.

सोनाराची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. तो कण उडाल्यावर शोधत नाही. कापण्याची जागाच भांड्याच्या आत ठेवतो. लोखंडाला ती किंमत नाही म्हणून वर्कशॉपमध्ये उलटे होते. आधी सगळीकडे सांडू द्यायचे, मग कॉम्प्रेसरच्या हवेने कोपऱ्यात ढकलायचे.

कापाच्या तोंडाशी अडवणे

दाता धातूतून बाहेर पडतो त्या बिंदूवर कीस सुटतो आणि दात्याच्या दिशेने सरळ जातो. पुढे तो पसरत जातो. कापापासून दहा सेंटिमीटरवर तळहाताएवढा पत्रा जे काम करतो, ते एक मीटरवर करायला दाराएवढा पडदा लागतो. म्हणून अडवणूक जितकी जवळ तितकी स्वस्त. बहुतेक वर्कशॉपमध्ये भिंतीला पत्रा ठोकलेला दिसतो आणि यंत्राच्या तोंडाशी काहीच नसते. हा खर्च चुकीच्या जागी झालेला आहे.

हाताच्या हॅकसॉपासून सुरुवात करू. शेगड्याखाली उभ्या काठाचा ट्रे ठेवला, तेलाच्या डब्याचा कापलेला तळ असला तरी चालेल, की नव्वद टक्के काम झाले. पातीचे दाते पुढे, दाब पुढच्या ओढीत. ३०० मिलिमीटरच्या पाती इंचाला १४, १८, २४ आणि ३२ दात्यांच्या मिळतात. कापाच्या जाडीत एका वेळी किमान तीन दाते असावेत हा जुना नियम. पातळ पत्र्याला जाड दात्यांची पाती लावली की दाते अडकतात, तुटतात, आणि तुटलेला दाता किसापेक्षा वाईट रीतीने उडतो.

बँडसॉमध्ये कीस दात्यांच्या खाचांत बसून कामाबाहेर येतो. तेथे बसवलेला तारेचा फिरता ब्रश तो झाडून खाली पाडतो. हा ब्रश झिजला की कीस पट्टीबरोबर चाकांवर जातो, पुन्हा कापात शिरतो, पट्टी वाकडी चालू लागते आणि दाते उडतात. नवी पट्टी लवकर गेली अशी तक्रार ऐकू येते तेव्हा प्रथम ब्रश पाहावा. पट्टीच्या तुलनेत त्याची किंमत काहीच नसते. पाणी आणि विरघळणारे तेल यांचे मिश्रण, म्हणजे कूलंट, किसाला धुऊन खाली नेते. ते टाकीत परतण्याआधी जाळीवरून जावे, आणि टाकीत मध्ये एक आडवी फळी असावी, म्हणजे बारीक गाळ अलीकडे बसतो व पंपापर्यंत पोहोचत नाही. बिडाला कूलंट सहसा वापरत नाहीत, कारण त्याची भुकटी पाण्यात कालवली की चिखल होतो. बीड कोरडेच कापावे, सावकाश कापावे, आणि ट्रे वरचेवर रिकामा करावा.

कटर मशीनची ठिणगी मागच्या बाजूला, किंचित खाली जाते. तिच्यासाठी पत्र्याची पेटी करावी: समोरून उघडी, दीड फूट रुंद, दोन फूट खोल, यंत्राला अगदी भिडलेली. आत मागच्या भिंतीवर कण थेट आदळला की तो उसळून पुन्हा बाहेर येतो. म्हणून मध्ये एक तिरका पत्रा किंवा साखळ्यांचा लोंबता पडदा ठेवतात. त्यावर आपटून कणाचा वेग संपतो. तळाशी वाळू. फक्त लोखंडच कापायचे असेल तर वाळूऐवजी पाणी चालते. पेटीच्या दोन्ही बाजूंना निसटणाऱ्या ठिणग्यांसाठी चामड्याचा किंवा न जळणाऱ्या कापडाचा पडदा लावावा. गोणपाट, नायलॉनची ताडपत्री आणि जुने बॅनर यांचे पडदे सर्रास दिसतात. ते अडवणूक नव्हे, सरपण आहे.

ॲल्युमिनियमच्या करवतीला ठिणगीचे भय नसल्याने तेथे रबराच्या उभ्या पट्ट्या, ट्रकच्या मडफ्लॅपच्या कापलेल्याही, उत्तम काम करतात. समोर पारदर्शक ढाल हवी असेल तर पॉलिकार्बोनेटची घ्यावी. ॲक्रिलिक दिसायला तसेच असते, पण फुटल्यावर त्याचेच तुकडे उडतात. चकतीच्या दात्यांना मेणाची कांडी लावली की कीस चिकटत नाही, काप गुळगुळीत येतो आणि कीस लांब फेकला जाण्याऐवजी जवळच पडतो.

व्हॅक्यूमचा मोह अनेकांना होतो. घरगुती व्हॅक्यूमची पिशवी गरम किसाने जळते. वापरायचाच असेल तर नळी आधी झाकणबंद लोखंडी पिंपात सोडावी आणि पिंपातून व्हॅक्यूमकडे दुसरी नळी न्यावी. हवा पिंपात गरगरते, जड कीस तळाला राहतो. ज्या व्हॅक्यूमने कटर मशीनची धूळ ओढली त्यानेच ॲल्युमिनियमची बारीक पूड ओढू नये. गंजलेल्या लोखंडाची भुकटी आणि ॲल्युमिनियमची पूड यांचे मिश्रण म्हणजे रेल्वेचे रूळ सांधण्यासाठी वापरतात त्या थर्मिटचाच घटक आहे. करवतीचा जाड ॲल्युमिनियम कीस सहजी पेटत नाही, परंतु पॉलिश व ग्राइंडिंगची पूड हवेत तरंगली की स्फोट होऊ शकतो. चीनमधील कुन्शान येथे २ ऑगस्ट २०१४ रोजी मोटारींच्या ॲल्युमिनियम चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात असाच स्फोट होऊन शंभराहून अधिक कामगार दगावले. तेथे साठलेली धूळ वेळेवर काढली जात नव्हती.

सुताच्या शेजारी

आता भिंतीपलीकडे. मागाच्या खोलीत रुईचे सूक्ष्म तंतू सतत उडत असतात. मागाच्या चौकटीवर, तुळयांवर, विजेच्या तारांवर त्यांची लव जमते. या लवेवर पडलेली ठिणगी पुष्कळदा ज्वाला धरत नाही. ती धुमसते. कामगार घरी गेल्यावर, दोन-चार तासांनी, वाऱ्याची झुळूक लागली की आग दिसते, आणि तेव्हा कारण शॉर्ट सर्किट असे सांगितले जाते. अमेरिकेतील सुरक्षा नियमांत ठिणगीच्या कामापासून ३५ फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ११ मीटर, जळणारी वस्तू नसावी किंवा ती न जळणाऱ्या आच्छादनाने झाकावी असे म्हटले आहे, आणि काम संपल्यावर निदान अर्धा तास एका माणसाने तेथे पहारा द्यावा. मागांच्या दाट वस्तीत ११ मीटर म्हणजे बहुधा शेजाऱ्याचे घर. अंतर मिळत नसेल तर दोनच गोष्टी हाती उरतात: ठिणगी न काढणारी करवत, आणि भिंतीतील झरोके, तारांची भोके, दाराखालची फट बुजवणे. मागाचा सुटा भाग दुरुस्तीसाठी वर्कशॉपमध्ये न्यावा. ग्राइंडर मागापाशी आणू नये. घाई असते, ताणा मागावर चढलेला असतो, मालकाला एक पाळीही बुडवायची नसते. तरीही आणू नये.

आग लागली नाही तरी कापडाचे नुकसान होते, आणि ते उशिरा कळते. पोलादाची कुरळी कोर फणीत अडकली की ताण्याचे धागे एकामागून एक तुटतात. हे निदान दिसते तरी. लोखंडाची बारीक भुकटी कोऱ्या कापडात मुकाट्याने विणली जाते. ओलाव्याने ती गंजून तांबूस ठिपके पडतात. ते कापड पुढे हायड्रोजन पेरॉक्साइडने धुवट करायला गेले की लोखंडाचा प्रत्येक कण त्या जागी पेरॉक्साइडचे विघटन भराभर घडवतो आणि तेथला सूतच खाऊन टाकतो. कापडाला टाचणीएवढी भोके पडतात. दोष मग विणकराच्या माथी येतो, कारण विणताना शेजारी काय कापले जात होते याची नोंद कोणी ठेवत नाही. वर्कशॉपमधून मागाकडे जाणाऱ्या माणसाच्या चपला आणि बाह्या हे या भुकटीचे मुख्य वाहन. उंबरठ्यावर तरटाचा जाड तुकडा, वर्कशॉपमधला वेगळा सदरा, एवढे साधे उपाय पुरतात.

हीच गोष्ट गोव्यात वेगळ्या रूपाने दिसते. स्टेनलेसचा कठडा बसवून दोन पावसाळे व्हायच्या आत त्यावर गंजाचे ठिपके आले की घरमालक स्टील खोटे असल्याचा संशय घेतो. कधी ते खरेही असते. पण पुष्कळदा तो गंज स्टेनलेसचा नसून त्याच टेबलावर, त्याच चकतीने आधी कापलेल्या साध्या लोखंडाच्या कणांचा असतो. समुद्राची खारी हवा त्याला लागलीच उघडा पाडते. स्टेनलेससाठी चकती वेगळी, ब्रश वेगळा, टेबलावर लाकडी किंवा रबरी पट्टी. ठिणग्या जवळच्या खिडकीच्या काचेवर पडल्या तर काचेत वितळून रुततात, लादीवर पडल्या तर काही दिवसांनी तपकिरी टिंबे उमटतात, आणि दोन्ही पुसून जात नाहीत. ओसरीवर काम करवून घेणाऱ्याने काच-लादी झाकायला सांगणे हा त्याचा हक्कच आहे.

झाडावे कसे

कॉम्प्रेसरच्या हवेने यंत्र साफ करण्याची सवय आपल्या वर्कशॉपांत इतकी मुरली आहे की तिच्याविरुद्ध लिहिणे व्यर्थ वाटावे. वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरमध्ये चौरस इंचाला शंभर पौंडांच्या आसपास दाब असतो. अमेरिकेतील नियमाने सफाईसाठी ही मर्यादा ३० पौंडांवर आणली आहे, आणि तीही आडोसा व चष्मा असेल तर. हवा किसाला उचलून डोळ्यांच्या उंचीवर आणते, यंत्राच्या बेअरिंगमध्ये ढकलते आणि बारीक भुकटी श्वासात सोडते. सदरा झाडण्यासाठी अंगावर हवा मारणे तर त्याहून घातक. उच्च दाबाची हवा त्वचेच्या जखमेतून आत शिरू शकते.

त्याऐवजी रंगाचा जुना ब्रश, लांब दांड्याचा आकडा, केरसुणी आणि लोहचुंबक. चुंबकाला थेट कीस लावला की तो काढता काढता पुरेवाट होते. चुंबक प्लास्टिकच्या जाड पिशवीत घालून फिरवावा, पिशवी उलटी करावी आणि चुंबक बाजूला घ्यावा. सगळा कीस पिशवीतच राहतो. पितळ, तांबे, ॲल्युमिनियम आणि नेहमीचे स्टेनलेस याला दाद देत नाहीत. लेथच्या बेडवर किंवा मापनाच्या साधनांजवळ चुंबक ठेवू नये, कारण पोलाद स्वतः चुंबकित झाले की नंतर प्रत्येक कण धरून बसते. नुसत्या हाताने कीस उचलायचा नाही, आणि हातमोजे घातले असले तर फिरत्या करवतीजवळ जायचे नाही. मोज्याचा धागा चकतीत गेला की हात त्याच्या मागोमाग जातो.

डोळा

हे सर्व करूनही एखादा कण निसटतो, आणि म्हणून गॉगल. साधा चष्मा समोरून वाचवतो, कपाळावर आदळून खाली घसरणारा किंवा बाजूने येणारा कण त्याला टाळून आत जातो. बाजू बंद असलेला गॉगल घ्यावा. भारतीय मानक ब्युरोचे नेत्रसंरक्षकांसाठीचे मानक आयएस ५९८३ हे आहे. कटर मशीनवर गॉगलच्या वर चेहऱ्याची ढालही हवी. काम झाल्यावर गॉगल काढण्याआधी भुवया आणि केस झटकावेत, तेही डोळे मिटून आणि मान खाली घालून. काम संपल्यावर डोळ्यात कण जाण्याचे एक नेहमीचे कारण हेच आहे.

कण गेलाच तर डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुवावा. काडीने, रुमालाच्या टोकाने किंवा सुताच्या ओल्या पिळाने कण काढून देणारा 'तज्ज्ञ' प्रत्येक वर्कशॉपमध्ये असतो. त्याच्यापुढे डोळा उघडू नये. बुबुळावर बसलेला लोखंडाचा कण काही तासांतच स्वतःभोवती गंजाचे कडे तयार करतो. कण निघाला तरी कडे राहते आणि ते नेत्रतज्ज्ञालाच काढावे लागते. वेगाने आलेला कण डोळ्याच्या आत गेला असेल तर वेदना आश्चर्य वाटावे इतकी कमी असू शकते. नजर अंधूक, डोळ्यासमोर काळे ठिपके, एवढेच. अशा वेळी धुणे, दाबणे, मलम घालणे काहीही न करता डोळ्यावर दाब न देणारे आच्छादन ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे. आत राहिलेले लोखंड महिनोन्‌महिने विरघळत दृष्टिपटल निकामी करते. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. धातू कापणाऱ्या माणसाने एमआरआयच्या आधी आपला व्यवसाय तंत्रज्ञाला सांगावा. जुना, विसरलेला कण त्या प्रचंड चुंबकात हलू शकतो.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम ३५ नेमके याच विषयावर होते: कामात उडणाऱ्या कणांपासून डोळ्यांना धोका असेल तेथे परिणामकारक पडदे किंवा योग्य गॉगल देण्याचे नियम राज्य सरकारने करावेत. त्यात पडद्याचा उल्लेख गॉगलच्या आधी आहे. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी त्या अधिनियमात दहा कामगारांची मर्यादा होती, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ती वीसवर नेली. तीन माणसांचे वर्कशॉप, मग ते बुऱ्हाणपुरातले असो की म्हापशातले, व्याख्येतच बसत नाही. निरीक्षक तेथे येणार नाही. बँडसॉच्या एका पट्टीच्या किमतीत अनेक गॉगल येतात, एवढा हिशेब मालकाने स्वतः करायचा आहे.

साठवण आणि विक्री

गोळा केलेला कीस धातूप्रमाणे वेगळा ठेवला तर भंगारवाला वेगळा भाव देतो. पितळेच्या किसात लोखंड मिसळले की तो पितळेचा राहत नाही. कापण्याच्या आधी ट्रे रिकामा करणे हीच खरी वर्गवारी. तेलकट कीस छिद्रांच्या ट्रेवर रात्रभर निथळू द्यावा. ते तेल पुन्हा वापरात येते. वापरून खराब झालेले तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते, ते गटारात किंवा मोकळ्या जमिनीवर ओतता येत नाही. बुऱ्हाणपुरात याला एक जास्तीचे कारण आहे. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान याच्या काळात बांधलेला कुंडी भंडारा सातपुड्याच्या उतारावर जमिनीत मुरलेले पाणी भुयारांतून आणि शंभराच्या आसपास कुंड्यांतून शहरापर्यंत आणत असे. जे जमिनीत मुरते ते कोणाच्या तरी घागरीत येते, हे या शहराने चारशे वर्षांपूर्वीच बांधून ठेवले आहे.

लोखंडाचा तेलकट, ओलसर कीस मोठ्या ढिगात साठवला तर तो गंजताना आतून तापतो. समुद्रमार्गे मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत लोखंडी कीस आपोआप तापणाऱ्या मालात गणला जातो आणि त्याला यूएन २७९३ हा क्रमांक आहे. मुरगावसारख्या बंदराशी संबंध असलेल्यांना तो माहीत असेल. वर्कशॉपच्या पिंपाला तेवढे भय नाही, तरी तेलाचे बोळे त्यात टाकू नयेत, पिंप लोखंडी असावे, सुतापासून आणि दारापासून दूर असावे. ॲल्युमिनियमचा ओला कीस हवाबंद झाकणाखाली ठेवू नये. त्यातून हळूहळू हायड्रोजन सुटतो. झाकण सैल ठेवावे, पावसाचे पाणी आत जाणार नाही इतपत छप्पर असावे, आणि पिंप अर्धे भरले की भंगारवाल्याला बोलवावे.